मजुरी तासाची की ओळीची?

शस्त्रक्रिया आटोपून शल्यविशारद बाहेर येतो, हात धुतो आणि लेखणी हाती न घेता टेलिफोनच्या किंवा लहानशा ध्वनिग्राहक यंत्राच्या तोंडाशी बोलू लागतो. रुग्णास काय झाले होते, छेद कोठे घेतला, आत काय आढळले, कोणते औषध किती दिले, हे सारे तो चार-पाच मिनिटांत भराभर सांगून टाकतो व पुढच्या रुग्णाकडे वळतो. अमेरिकेतील रुग्णालयांतून हा प्रघात कित्येक दशके चालत आला आणि काही ठिकाणी अद्याप चालू आहे. त्या बोलण्यावरून सुवाच्य व निर्दोष अहवाल तयार करणारी व्यक्ती मात्र त्या शल्यविशारदाने बहुधा कधी पाहिलेली नसते. ती एखाद्या दूरच्या गावी आपल्या घरातील मेजाशी बसलेली असते. १९९० नंतरच्या दशकापासून तर ती मुंबईच्या किंवा पुण्याच्या कचेरीतही बसलेली असू शकते, कारण तिकडची रात्र म्हणजे इकडचा दिवस, आणि डॉक्टर निजून उठेपर्यंत त्याचा अहवाल तयार होऊ शकतो. या धंद्यास मेडिकल ट्रान्सक्रिप्शन असे नाव आहे. मराठीत त्यास वैद्यकीय श्रुतलेखन म्हणता येईल.

श्रुतलेखन म्हटले की पुष्कळांना शाळेतील गुरुजी आठवतील. ते सावकाश सांगत, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत आणि जोडाक्षरावर थोडे थांबत. येथे तसला दयाळूपणा नाही. डॉक्टर घाईत असतो, थकलेला असतो, कधी तोंडात घास असतो. मागे यंत्रांचा आवाज आणि परिचारिकांची बोलणी चाललेली असतात. देशोदेशींचे डॉक्टर अमेरिकेत काम करीत असल्यामुळे उच्चारही नाना तऱ्हेचे. अशा बोलण्यातून शरीरशास्त्रातील लॅटिन शब्द, शस्त्रांची नावे व औषधांची प्रमाणे अचूक टिपावयाची, हे केवळ बोटांचे काम नव्हे. कानाचे व ज्ञानाचे काम त्यात निम्म्याहून अधिक आहे.

आता या कामाचे मोल कोणत्या मापाने करावे? त्यास दोन मार्ग प्रचलित आहेत. एक, लेखनिक किती तास बसला ते पाहून तासावारी पैसे द्यावे. दुसरा, त्याने किती ओळी लिहिल्या ते मोजून ओळीवारी पैसे द्यावे. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायांना हजारी दराने मिळणारी मजुरी आणि रोजंदारीवरील मजुराचा दिवसाचा रोज यांत जो भेद आहे, तोच हा भेद होय.

ओळ ही वस्तू वाटते तितकी निश्चित नाही. या धंद्यात सामान्यतः ६५ ठशांची एक ओळ मानतात, आणि त्यात शब्दांमधील मोकळ्या जागाही धरतात. हा आकडा टंकलेखन यंत्राच्या काळातील आहे. अमेरिकन कागद साडेआठ इंच रुंद. दोन्ही बाजूंस एकेक इंच समास सोडला की साडेसहा इंच उरतात. आणि जुन्या यंत्रावर इंचास १० ठसे उमटत. यंत्र गेले, कागदही बहुतेक गेला, पण त्या कागदाची रुंदी मजुरीच्या हिशेबात राहून गेली. त्यातही एक मालक मोकळ्या जागा मोजतो, दुसरा मोजत नाही. एक शीर्षके धरतो, दुसरा वगळतो. म्हणजे एकच अहवाल दोन ठिकाणी वेगवेगळ्या ओळींचा भरू शकतो. २००७ साली या व्यवसायाशी संबंधित दोन अमेरिकन संस्थांच्या संयुक्त समितीने मोकळ्या जागा सोडून डोळ्यांस दिसणारा प्रत्येक काळा ठसा तेवढा मोजावा, अशी शिफारस केली. वाण्याचा तराजू कोणत्या बाजूस झुकतो ते गिऱ्हाइकास दिसते. येथे तराजू यंत्राच्या पोटात असल्यामुळे दर विचारण्यापूर्वी माप विचारणे अधिक शहाणपणाचे.

दराचा हिशेब उदाहरणाने पाहावा. समजा, ओळीस ८ सेंट मिळतात. ओळखीचा डॉक्टर, स्पष्ट आवाज आणि नेहमीची शस्त्रक्रिया असेल तर सरावलेला हात तासाला १५० ओळी सहज लिहील व १२ डॉलर मिळवील. त्याच हातास दुसऱ्या दिवशी अनोळखी डॉक्टर, खरखरणारा ध्वनी व दुर्मिळ रोग यांची गाठ पडली, तर ८० ओळी लिहिता लिहिता नाकी नऊ येतील आणि पदरात ६ डॉलर ४० सेंट पडतील. अमेरिकेच्या संघराज्याने २००९ पासून ठरविलेले किमान वेतन तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे. म्हणजे ज्या दिवशी श्रम अधिक व दक्षता अधिक, त्याच दिवशी मजुरी कायद्याच्या रेषेखाली जाते.

तेथील १९३८ च्या श्रम-मानक कायद्याने यावर उपाय ठेवला आहे. मजुरी नगावर दिली तरी एकंदर रक्कम कामाच्या तासांवर वाटली असता किमान वेतनापेक्षा कमी भरता कामा नये. आणि आठवड्यात ४० तासांहून अधिक काम झाल्यास जादा तासांचा दर दीडपट पडला पाहिजे. कायदा चांगला आहे, परंतु तो नोकरास लागू आहे. घरी बसून लिहिणाऱ्या पुष्कळ व्यक्तींना स्वतंत्र कंत्राटदार या नावाखाली काम दिले जाते, आणि त्या नावाबरोबर हे संरक्षण नाहीसे होते.

ओळीच्या दराने प्रत्यक्षात घडते ते असे, की हातात न दिसणारा सारा वेळ लेखनिकाच्या खात्यावर पडतो. काम येण्याची वाट पाहिली, मजुरी नाही. यंत्र बिघडले, मजुरी नाही. एका औषधाचे नाव नीट ऐकू येईना म्हणून ध्वनी दहा वेळा मागे नेला, कोश चाळला, रुग्णाचे जुने कागद पाहिले; मिनिटे दहा गेली आणि हाती लागले ते आठ अक्षरांचे एक नाव, म्हणजे ओळीचा आठवा हिस्सा. तासाच्या दरात हाच वेळ मालकाच्या खात्यावर जातो. अनिश्चिततेचा भार कोणी वाहावा, हाच या वादाचा गाभा आहे. कोणत्या रीतीने महिन्याकाठी चार पैसे जास्त पडतात, हा त्यापुढचा प्रश्न.

तथापि ओळीच्या दराची बाजू दुबळी आहे असे कोणी समजू नये. निष्णात लेखनिक तोच दर मागतात, आणि त्यास कारण आहे. वर्षानुवर्षे खपून त्यांनी आपल्या यंत्रात शेकडो लघुरूपे साठविलेली असतात. तीन अक्षरे दाबली की पूर्ण वाक्य उमटते. ही त्यांची स्वतःची कमाई आहे. तासाच्या दराने तिचे फळ मालक खातो, ओळीच्या दराने ते स्वतःस मिळते. शिवाय या धंद्यात स्त्रियांचा भरणा मोठा. मूल निजले असता दोन तास, ते शाळेत गेल्यावर तीन तास, असे तुकड्यातुकड्यांनी काम करणारीस तासांची हजेरी म्हणजे गळ्यातील लोढणे.

नगावरील मजुरीने काम वाढते, हेही खरे आहे. मोटारींच्या पुढच्या काचा बसविणाऱ्या सेफलाइट या अमेरिकन कंपनीने तासाचा दर सोडून काचेमागे दर धरला, तेव्हा काय झाले याचा अभ्यास एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञाने २००० साली प्रसिद्ध केला. दरडोई काम शेकडा ४४ नी वाढले होते. त्यातील सुमारे निम्मी वाढ त्याच माणसांनी अधिक झपाट्याने काम केल्यामुळे झाली. उरलेली चपळ माणसे टिकल्यामुळे व नवी चपळ माणसे आल्यामुळे. या गोष्टीचा दाखला मालकवर्ग आवडीने देतो, पण तिचा दुसरा अर्धा भाग सांगावयास विसरतो. त्या कंपनीने तासाच्या किमान मजुरीची हमी कायम ठेवली होती, आणि दोहोंपैकी जी रक्कम मोठी ती कामगारास मिळे. दुसरे असे, की काच सैल बसली तर पहिल्या पावसातच पाणी आत येते. चूक लपत नाही.

वैद्यकीय अहवालातील चूक मात्र लपून बसते. इंग्रजीत सेलेब्रेक्स, सेलेक्सा आणि सेरेबिक्स ही तीन औषधे आहेत. पहिले संधिवाताच्या दुखण्यावर, दुसरे मनाच्या खिन्नतेवर, तिसरे आकडीवर. घाईने उच्चारली तर तिन्ही एकच वाटावीत. हायपरटेन्शन म्हणजे वाढलेला रक्तदाब आणि हायपोटेन्शन म्हणजे उतरलेला. अंतर एका ध्वनीचे, अर्थ नेमका उलट. अलाबामा राज्यात एका मधुमेही स्त्रीच्या कागदावर इन्शुलिनचे ८ युनिट हे प्रमाण ८० असे उतरले. तो अहवाल भारतात लिहिला गेला होता. पुढच्या शुश्रूषागृहात त्या कागदाबरहुकूम औषध दिले गेले आणि ती दगावली. २०१२ साली तेथील ज्यूरीने तिच्या कुटुंबास १४ कोटी डॉलर देवविले. ती चूक मजुरीच्या रीतीमुळे झाली असे म्हणण्यास आधार नाही, आणि कागद हातोहात पुढे जाताना तो पडताळून पाहण्याचे कर्तव्य इतरांचेही होते. परंतु एक शून्य किती जड असते, ते येथे दिसते. आणि ज्या ठशावर ओळीच्या हिशेबात सेंटचा अष्टमांश पडतो, तोच हा ठसा.

म्हणून या धंद्यात एक उत्तम नियम आहे: शब्द कळला नाही तर तर्काने लिहू नये, जागा रिकामी सोडावी व डॉक्टरास तशी सूचना द्यावी. पण फार जागा रिकाम्या सोडणाऱ्यावर ठपका येतो, आणि शोधीत बसणाऱ्याचा वेळ बुडतो. ओळीच्या दराने लिहिणारा माणूस दिवसातून कित्येक वेळा या कात्रीत सापडतो. शेकडा ९८ किंवा त्याहून अधिक अचूकतेची अट बहुधा असतेच. ती मोडल्यास पैसे कापण्याचीही चाल आहे. चुकीस दंड आहे, पण चूक टाळण्यासाठी घालविलेल्या वेळास मोबदला नाही.

नगावरील मजुरीने माणूस आपल्या प्रकृतीवर जुलूम करतो, हे निरीक्षण जुने आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात ते नमूद केले असून तेथे रामाझिनी या इटालियन वैद्याचा हवाला दिला आहे. या रामाझिनीने कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर निराळे प्रकरण आहे. सदोदित बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, ही त्यांच्या दुखण्याची तीन कारणे त्याने दाखविली. मनगटास पट्टा बांधून दिवसभर कानास यंत्र लावणाऱ्या आजच्या लेखनिकास त्यात एकही शब्द बदलावा लागणार नाही.

मग तासाचा दर सर्वथा निर्दोष आहे काय? तसेही नाही. मंद हाताचा शेजारी आपल्याइतकेच घेऊन जातो, हे पाहून चपळ हात मंदावतो. आणि मालक काही स्वस्थ बसत नाही. तो तासाचा दर देऊन दिवसाच्या ओळींचा कोटा बांधून देतो. दारातून घालविलेली ओळ खिडकीतून आत येते. भारतातील पुष्कळ कचेऱ्यांत मासिक पगार, ठराविक ओळींचे लक्ष्य व त्यापुढील ओळींवर उत्तेजन, अशी मिश्र पद्धत रूढ झाली. तिचे बरेवाईटपण सर्वस्वी लक्ष्याच्या आकड्यावर आहे. आपल्याकडेही १९४८ च्या किमान वेतन कायद्याने नगावर काम करणाऱ्यास तासाच्या किमान दराची हमी दिली होती, व त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेत ते तत्त्व कायम आहे.

आता तर लिहिणारा हातच बदलला आहे. डॉक्टरचे बोलणे प्रथम यंत्र ऐकते व मसुदा काढते. माणसाने तो ध्वनीशी ताडून दुरुस्त करावयाचा. काम अर्धे झाले असे धरून ओळीचा दरही सामान्यतः अर्ध्यावर आणला गेला. १२ डॉलरसाठी आता १५० च्या जागी ३०० ओळी पाहिजेत. परंतु ध्वनी पूर्वीइतकाच लांब असतो. तो शेवटपर्यंत ऐकल्यावाचून यंत्राने काय गाळले ते कळत नाही. शिवाय यंत्राचा मसुदा दिसावयास नीटनेटका असतो, त्यामुळे त्यातील चुकीचा शब्द माणसाच्या चुकीपेक्षाही अधिक बेमालूम मिसळतो. नुसते डोळ्यांखालून घालून मसुदा पुढे ढकलणाऱ्यास आणि प्रत्येक शब्द कानाशी ताडून पाहणाऱ्यास ओळी मात्र सारख्याच मिळतात.