रक्तद्रव, रक्तरस आणि आपला तपासणी-अहवाल



रक्त लाल दिसते ते त्यातील तांबड्या पेशींमुळे. वस्तुतः रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग हा फिकट पिवळसर द्रव असतो. त्यास रक्तद्रव अथवा प्लाझ्मा म्हणतात. त्यात सुमारे ९० टक्के पाणी असते; उरलेल्या भागात प्रथिने, शर्करा, क्षार, मेद व संप्रेरके असतात.

साध्या नळीत ठेवलेले रक्त साधारण अर्ध्या तासात साकळते. फायब्रिनोजेन या प्रथिनाचे तंतू होतात व पेशी त्यांत गुंततात. नळी यंत्रात वेगाने फिरविल्यावर वर राहणारा स्वच्छ द्रव म्हणजे रक्तरस, अर्थात सीरम. रक्तद्रवात फायब्रिनोजेन असते, रक्तरसात ते नसते. यकृत, मूत्रपिंड व कोलेस्टेरॉलच्या तपासण्या बहुधा रक्तरसावर होतात.

एकाच वेळी तीन-चार नळ्या कशासाठी, असा प्रश्न अनेकांना पडतो. नळीतील पेशीही शर्करा वापरतच राहतात. तासाला ५ ते ७ टक्के शर्करा घटू शकते. ती घट रोखण्यासाठी करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड असते. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त साकळण्याचा काळ मोजण्यासाठी नऊ भाग रक्तास एक भाग सायट्रेट लागते. जांभळ्या टोपणाच्या नळीत पेशींच्या गणनेसाठी ईडीटीए असते. तिच्यातील अंश रक्तरसात मिसळल्यास पोटॅशियम वाढलेले व कॅल्शियम घटलेले, असा खोटा अहवाल येतो.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या श्रावकाकडून सकाळच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची अट सहज पाळली जाते. परंतु अठ्ठाईसारख्या दीर्घ तपात यकृत निरोगी असूनही बिलीरुबिन वाढू शकते. यूरिक आम्लही वाढते. तपाची माहिती नसलेल्या डॉक्टरांना काविळीची शंका येईल आणि अनावश्यक उपचार सुरू होतील. उलटपक्षी, खरी कावीळ 'उपवासामुळे असेल' म्हणून दुर्लक्षिणेही घातकच. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर पच्चक्खाण घेण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा; औषध तेच आणि आहार बंद, अशा स्थितीत शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

म्हणून नमुना देताना उपवासाचे दिवस, शेवटच्या आहाराची वेळ व चालू औषधे निःसंकोच सांगावीत. तप गुप्त ठेवण्याची भावना वंदनीय आहे. तथापि वैद्यापासून ते लपविण्याचे कारण नाही. यंत्र केवळ आकडे देते. त्यांचा योग्य अर्थ लागण्यासाठी रुग्णाचे सत्यकथनही तितकेच आवश्यक असते.

जय जिनेंद्र!