दंडावरची लस, मूत्राशयातलं औषध

लघवीत रक्त दिसतं, पण दुखत काहीच नाही, म्हणून आजोबा गप्प राहतात. घात होतो तो इथेच! मूत्राशयाच्या कर्करोगाची बहुतेकदा हीच पहिली खूण, आणि हा आजार मुख्यतः उतारवयातला.

गाठ वरच्या थरातच असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढतात. ती पुन्हा उगवण्याचा धोका जास्त असेल तर बीसीजी देतात. होय, बाळाच्या दंडावर व्रण ठेवणारी क्षयाची लसच. कॅनडातल्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा उपचार मांडला. बारीक नळीतून औषध मूत्राशयात सोडायचं, साधारण दोन तास लघवी रोखायची. असं दर आठवड्याला, सहा वेळा. शरीराचीच प्रतिकारशक्ती मग रोगट पेशींवर तुटून पडते.

रोग स्नायूत शिरला, तर मूत्राशय काढणं किंवा केमोसोबत रेडिएशन. तेव्हा नुसतं वय पाहून चालत नाही. मूत्रपिंडं, हृदय, चालण्यातला दम आणि आजोबांची स्वतःची इच्छाही पाहावी लागते.