वसंतऋतू, खासगी जमीन आणि आपले वन्य शेजारी

(सत्तरी तालुक्यातील ग्रामस्थ, बागायतदार व शिक्षक यांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वन्यजीव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अभयारण्य उभे राहते. बोंडला, खोतीगाव, भगवान महावीर आणि १९९९ साली घोषित झालेली म्हादई व नेत्रावळी ही नावे आपणांस परिचित आहेत. तेथील प्राण्यांची काळजी सरकार घेईल, आपला त्याच्याशी काय संबंध, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यापैकी सरकारदरबारी वन म्हणून नोंदलेली जमीन सुमारे १,२५० चौरस किलोमीटर आहे; आणि वृक्षांनी आच्छादलेली भूमी मात्र सुमारे २,२४० चौरस किलोमीटर भरते. याचा अर्थ असा की जवळजवळ एक हजार चौरस किलोमीटरचे हिरवे छत्र नोंदलेल्या वनाच्या बाहेर आहे. त्यात आपली कुळागरे आली, काजूचे डोंगर आले, कोमुनिदादीच्या व खासगी मालकीच्या राई आल्या. गवा, शेकरू, खवले मांजर आणि धनेश यांना सातबारा किंवा एक-चौदाचा उतारा वाचता येत नाही. ते जेथे पाणी, खाद्य व निवारा मिळेल तेथे जातात. म्हणून आजचा विषय आहे : आपल्या स्वतःच्या जमिनीवर वसंतात काय करावे.

वसंतच का? कवींचा वसंत पुष्पवैभवाचा असतो. पळस, पांगारा व सावर ही झाडे पर्णहीन फांद्यांवर फुले मिरवितात आणि त्यांच्या मधावर असंख्य पक्षी जगतात, हेही खरे. परंतु त्याच फाल्गुन-चैत्रात झरी आटू लागतात, गवत वाळते, आडोसा विरळ होतो. नेमक्या याच दिवसांत अनेक पक्षी घरटी करतात. आणि बागायतदाराच्या साफसफाईचा, पाचोळा पेटविण्याचा, कोयता व कुऱ्हाड हाती घेण्याचा हंगामही हाच. गरज सर्वांत मोठी आणि आघातही सर्वांत मोठा, असा हा योग आहे. त्यामुळे पुष्कळ खर्च करून नवे काही उभारण्याआधी, या तीन महिन्यांत काय करू नये हे ठरविणे हीच पहिली सुधारणा होय.

प्रथम अग्नीचा विचार करू. काजूचे बी वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचे गवत व पाने गोळा करून जाळण्याची रीत आहे. वारा फिरला की तीच आग शेजारच्या डोंगरावर चढते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व गोव्यातील इतर डोंगरांवर आगी लागल्या, तेव्हा त्या विझविण्यासाठी हवाई दल व नौदल यांची हेलिकॉप्टरे आणावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. आगीत जमिनीवर घरटे करणारे पक्षी, सरडे, कासवे व उगवती रोपे नष्ट होतात. आणि ज्या पाचोळ्याने पुढे माती ओली राखायची त्याची राख पहिल्या पावसात ओहोळाला मिळते. यावर उपाय जुनाच आहे. माघ संपण्यापूर्वी बागेच्या सीमेवर दहा फूट रुंदीची जाळरेषा खरवडून स्वच्छ करावी, आणि आतील पाचोळा न पेटविता झाडांच्या आळ्यांत किंवा खताच्या खड्ड्यात भरावा. एकट्याची जाळरेषा अपुरी पडते. आपल्याकडे जमिनीचे तुकडे लहान, मालक एक, कूळ दुसरा, मुंडकार तिसरा. तेव्हा एका डोंगराच्या सर्व जमीनधारकांनी एकत्र बसूनच तिची आखणी करावी.

दुसरा विचार पाण्याचा. मोठा तलाव खोदण्याची आवश्यकता नाही. कुळागरातील पाटाचे वाहून जाणारे पाणी बागेच्या डोंगराकडील टोकाला एखाद्या उथळ डबक्यात सोडले तरी ते पुष्कळांची तहान भागविते. त्याची एक बाजू उतरती असावी, म्हणजे लहान प्राणी आत पडल्यास बाहेर येऊ शकेल. जागा घरापासून, रस्त्यापासून व भाजीच्या मळ्यापासून दूर असावी. उघड्या विहिरींना मात्र कठडा बांधावा. पाण्याच्या शोधात आलेले जनावर रात्री विहिरीत पडते, तेव्हा त्याचा जीव धोक्यात येतो आणि आपले पाणीही नासते.

तिसरा विचार निवाऱ्याचा. पोकळ झालेले जुने झाड आपल्याला निरुपयोगी वाटते. धनेशाला तेच घर असते. साधारणपणे फेब्रुवारी-मार्चपासून मादी अशा ढोलीत शिरून दार लिंपून घेते. एक अरुंद फट तेवढी उरते. तिच्यातून नर तिला व पुढे पिलांना उंबर, वड व इतर रानफळे भरवितो. तेवढ्या काळात ते झाड पडले किंवा तो नर मेला, तर सारे कुटुंब संकटात सापडते. तांबट, मैना व घुबडे यांनाही ढोल्या लागतात, आणि घुबड बागेतील उंदरांचा बंदोबस्त करते. तेव्हा घरावर किंवा वाटेवर कोसळण्याचा धोका नसेल, तर असे झाड उभे ठेवावे. झाड तोडणे अटळच असेल, तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये आधी परवानगी घ्यावी. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, ते फांदीवरून फांदीवर जाते. म्हणून कुळागर व डोंगर यांच्यामधील झाडांची साखळी तोडू नये. वारुळेही मोडू नयेत, कारण मुंग्या व वाळवी हेच खवले मांजराचे अन्न आहे.

वैशाखात पुढील पावसाळ्याची तयारी करावी. दीड-दोन फुटांचे खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. करवंद व जांभूळ यांचे बी फार दिवस टिकत नाही. ते ताजेच पिशवीत रुजवावे. बांधावर करवंदाची जाळी, मोकळ्या उतारावर जांभूळ, आवळा, कुंभा व भिरंड, आणि विहीर व भिंती यांपासून लांब एखादा वड किंवा उंबर, एवढी योजना एका बागेला पुरेशी आहे. काजऱ्याचे फळ आपल्याला विषारी, पण धनेश ते आवडीने खातो. म्हणून डोंगरावरचा काजरा निरुपयोगी समजून तोडू नये. रानमोडीची बेटे वसंतात हेरून ठेवावीत आणि मृगाच्या सरींनी माती मऊ झाली की मुळासकट उपटावीत, म्हणजे फुले धरण्यापूर्वीच तिचा नाश होईल.

आता आपल्या मनातील प्रश्न मीच विचारतो. आम्ही झाडे राखायची, पाणी ठेवायचे, आणि गव्याने पीक तुडवायचे, रानडुकरांनी सुरण उकरायचे, वानरांनी नारळ पाडायचे, हा कोठला न्याय? हा प्रश्न रास्त आहे. आज सांगितलेल्या उपायांनी उपद्रव संपूर्ण थांबेल असे आश्वासन मी देणार नाही. डोंगराच्या वरच्या अंगाला पाणी व फळे असली, तर जनावराला खाली उतरण्याचे एक कारण कमी होते, एवढेच सांगतो. नुकसान झाल्यास त्याच दिवशी वनखात्यास लेखी कळवावे व पंचनामा करून घ्यावा. परंतु कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे किंवा फास लावणे हा मार्ग नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घातलेली शिकारीची बंदी खासगी जमिनीलाही लागू आहे, आणि असली तार गवा व गुराखी यांत भेद करीत नाही.

दुसरी शंका अशी की झाडे वाढविली तर जमीन ‘खासगी वन’ ठरून अडकून पडेल. गोव्यात त्यासाठी लावण्यात आलेले निकष तीन आहेत : सलग क्षेत्र किमान पाच हेक्टर, ७५ टक्के झाडे वनजातींची, आणि छत्राची घनता ०.४ पेक्षा कमी नाही. हे तिन्ही एकत्र जुळावे लागतात. बांधावरची करवंदे, चार जांभळी आणि एक डबके यांनी ते जुळत नाहीत. तेव्हा या भीतीने कोणी कुऱ्हाड उचलू नये.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. गावातील ढोलीची झाडे, बारमाही झरी व वडा-उंबराच्या जागा मुलांकडून नकाशावर उतरवून घेतल्यास या नोंदवहीला आधार मिळेल आणि जाळरेषा कोठे हवी हेही स्पष्ट होईल.

बांबर येथील निरंकाराच्या राईत आजही दुर्मिळ जंगली जायफळाची झाडे पाण्यात मुळे रोवून उभी आहेत. ती कोणा खात्याने लावलेली नाहीत. गावाने ‘येथे कोयता चालवायचा नाही’ असे ठरविले, म्हणून ती टिकली. प्रत्येकाला देवराई निर्माण करता येणार नाही. परंतु आपल्या जमिनीचा एक कोपरा, फाल्गुन ते वैशाख एवढे तीन महिने, आगीपासून व कोयत्यापासून मुक्त ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे. या वर्षी कोणता कोपरा ठेवायचा, हे आज घरी परतण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलून ठरवावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.