माथेरान : पायांनी पाहायचा डोंगर

कल्याणहून कर्जत लोकलने निघालात, तर उजव्या हाताची खिडकी पकडा. बदलापूर मागे पडलं की इमारती विरळ होतात आणि नेरळ जवळ येता येता माथेरानचा सपाट माथा सोबत चालू लागतो. ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाला थंड हवेचं ठिकाण म्हटलं की महाबळेश्वर आठवतं. हा दाराशी असलेला डोंगर मात्र ‘जाऊ केव्हाही’ म्हणत राहून जातो.

खरं तर त्याचं ठाण्याशी जुनं नातं. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढले आणि पुढे तिथे बंगले उभे राहिले. त्यांनी माथेरान ‘शोधलं’ असं पुस्तकांत लिहितात. धनगर, ठाकर, कातकरी त्याआधीपासून तिथे वावरत होते. त्यांना ते हरवलेलं नव्हतं! १९०७ मध्ये दोन फुटी रुळांवरून छोटी गाडी वर पोहोचली. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी वडिलांच्या पैशांतून ती बांधली. खर्च आला सुमारे सोळा लाख रुपये.

दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी. तिथे उतरून लाल मातीवर पाऊल टाकलं की कान आधी बिचकतात. इतकी शांतता आपल्या सवयीची नाही. आम्ही कवी मंडळी अशा वेळी लगेच उपमा शोधू लागतो. पण थोडं थांबून ऐकलं, तर या शांततेत घोड्यांच्या टापा आहेत आणि माणसांची धापही आहे. मोटार नाही म्हणून सामान संपत नाही. गॅसची टाकी, भाजी, पाहुण्यांच्या बॅगा, सगळं कुणाच्या तरी पाठीवरून, डोक्यावरून जातं. हातरिक्षा एकजण पुढून ओढायचा, दोघे मागून लोटायचे. एकदा मी अशा रिक्षेच्या बाजूने चाललो होतो. आत एक म्हाताऱ्या बाई. चढावर त्या सारख्या म्हणत होत्या, “बाबांनो, मी उतरू का रे?” पुढच्याने मान न वळवता सांगितलं, “बसा आजी, उतरलात तर आमची मजुरी जाईल.”

या दोन वाक्यांचं उत्तर मला त्या दिवशी सापडलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन उभं करण्याचाही आदेश दिला. आदेशाचा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. ई-रिक्षा आल्या आणि हँडलवर भलताच माणूस बसला, तर आजींचा प्रवास सुखाचा होईल, पण त्या तिघांच्या घरची चूल कशी पेटायची?

तेव्हा जाल तर चौकशी करा, ई-रिक्षा कोण चालवतो. पाय धड असतील तर चालतच जा. वाटेत पायथ्याच्या वाड्यांतल्या बाया करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या असतील, तर भावात घासाघीस करू नका. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा : तेव्हा नेरळहून छोटी गाडी सुटत नाही, वर अमन लॉज ते माथेरान एवढीच धावते.