आवाज आपला, चावी कुणाची?

चंद्रपूर आणि गडचिरोलीहून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आज घरातल्या कॉम्प्युटरबद्दल बोलू. बऱ्याच घरांत तो एकच असतो. अब्बूंची बिलं, आपाचे शिष्यवृत्तीचे कागद, धाकट्याचे गेम्स, सगळं एकाच खात्यात. आणि पासवर्ड बहुधा मुलाकडे.

धाकट्याला हौस येते, कॉम्प्युटर सुरू होताना आपल्या पसंतीचा आवाज वाजावा. विंडोज एक्सपीत हे कंट्रोल पॅनलमधूनच जमायचं. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि तो आवाज 'इमेजरेस' नावाच्या सिस्टिम फाइलच्या आत गेला. तिचा मालक 'ट्रस्टेड इन्स्टॉलर'; अ‍ॅडमिनलाही ती सरळ बदलता येत नाही. मग कुठल्यातरी व्हिडिओत सांगतात, मालकी स्वतःकडे घ्या, 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' द्या. आवाज बदलतो खरा. पण कुलूप आवाजासाठी नव्हतंच, सिस्टिमच्या फाइलींत व्हायरसने हात घालू नये म्हणून होतं. शिवाय ही सवय लागते. जिथे 'अ‍ॅक्सेस डिनाइड' दिसेल तिथे हाच उपाय, आणि एक दिवस आपाचं फोल्डरही सगळ्यांना उघडं.

खरं तर बाकीच्या आवाजांना कुणाची परवानगी लागतच नाही. सूचना, एरर, हे आवाज विंडोज प्रत्येक खात्यासाठी वेगळे साठवतं. कंट्रोल पॅनल, साउंड, मग साउंड्स टॅब. फाइल 'वेव्ह' हवी, एमपी३ चालत नाही. ती स्वतःच्या म्युझिक फोल्डरात ठेवा. भावाच्या फोल्डरातली फाइल निवडली तर वाजणार नाही, कारण ती वाचायचा हक्क तुमच्या खात्याला नाही.

लिनक्समध्ये हे हक्क अजून स्पष्ट दिसतात: मालक, ग्रुप आणि इतर. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. अडलं की '७७७' देणारे इंजिनिअर मी रोज बघतो! त्यांना मी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)चं उदाहरण देतो. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. म्हणून जंगल काही येईल त्याला मोकळं झालं नाही. हक्क ग्रुपला मिळाला, 'इतरां'ना नाही. घरातल्या सामायिक फोटोंच्या फोल्डरला '७७०' द्या, तोच अर्थ.

आता जरा अवघड बाब. आपाला वेगळं खातं दिलं, पण भाऊ अ‍ॅडमिन राहिला तर उपयोग थोडा. विंडोजमध्ये अ‍ॅडमिनने तिच्या फोल्डरवर एकदा 'कंटिन्यू' दाबलं की त्याला कायमचा प्रवेश मिळतो. म्हणून भावाचंही रोजचं खातं साधंच, 'स्टँडर्ड' असावं. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड कागदावर लिहून अम्मीच्या कपाटात. भावांना हे आवडत नाही, मला माहीत आहे. आपाचा पासवर्ड मात्र आपाच ठरवेल, आणि कागदांची एक प्रत पेन ड्राइव्हवर तिच्याजवळ राहील.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी उघडा. पहिलं स्टँडर्ड खातं इथेच बनवू.