लोकवाट्याच्या वहीत नसलेली नावं



एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. हजार हेक्टरांचं शिवार आणि वर्षाकाठी साडेचारशे मिलिमीटर पाऊस धरला, तर साडेचारशे कोटी लिटर. एवढं पाणी दुष्काळी म्हणवणाऱ्या गावावरही पडतं आणि बरोबर माती घेऊन ओढ्यानं निघून जातं. ते जिरवायचं तर माथ्यावर समपातळी चर खणावे लागतात, उतारावर बांधबंदिस्ती करावी लागते, खाली नालाबांध घालावे लागतात. एकट्या गावाला हा खर्च झेपत नाही. सरकार, बँक, संस्था, कंपनी, गाव असे चार-पाच हात एकत्र यावे लागतात. या हातांपैकी कोण काय देतं आणि कोणाचं देणं हिशेबात धरलंच जात नाही, याबद्दल आज मला बोलायचं आहे.

१९७२च्या दुष्काळानंतर उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची सोळा हेक्टर माळजमीन करारानं घेतली. उतारावर बांध, पायथ्याला पाझर तलाव, त्याच्या खाली विहीर, असं त्यांनी ते रान उभं केलं. त्या अनुभवातून पाणी पंचायत जन्माला आली. तिच्या उपसा योजनांचा खर्च कसा वाटला जाई, ते ऐकण्यासारखं आहे. निम्मा खर्च सरकारी अनुदानातून, तीस टक्के साळुंखे यांच्याच ग्राम गौरव प्रतिष्ठानकडून बिनव्याजी, आणि वीस टक्के शेतकऱ्यांनी स्वतः उभे करायचे. कोरडवाहू शेतकऱ्याला हे वीस टक्के जड जात. पण स्वतःचे पैसे घातलेला माणूस पंप कोणता घेतला, पाइप कितीला पडला, हे विचारतो. निव्वळ अनुदानावरच्या योजनेत तो गप्प बसतो.

मला याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. पाण्याची वाटणी आधी ठरली होती. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, जमीन कितीही असो. भूमिहीनालाही हक्क. उसाला पाणी नाही. पैशाच्या भागीदारीआधी पाण्याची भागीदारी ठरवणारी योजना आजही दुर्मीळ आहे.

नव्वदच्या दशकात नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, या कामाचा आवाका फार वाढला. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू इथल्या शेतकऱ्यांमध्ये कित्येक दशकं राहिले. त्यांच्या पुढाकारातून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मन सरकारचा, तो केएफडब्ल्यू या त्यांच्या विकास बँकेमार्फत नाबार्डकडे यायचा. गावाची तयारी करून घ्यायला १९९३ साली स्थापन झालेली ‘वॉटर’ ही संस्था होती, शिवाय ठिकठिकाणच्या स्थानिक संस्था. गावात ग्राम पाणलोट समिती आणि तिचं बँकेतलं खातं. परदेशातून निघालेला पैसा शेवटी गावातल्या माणसाच्या सहीनं खर्च व्हायचा. मात्र त्याआधी गावानं श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची, थोड्या क्षेत्रावर काम पार पाडायचं, मग पूर्ण योजना मिळणार. या अनुभवाच्या बळावर १९९९-२०००मध्ये केंद्र सरकारचे शंभर कोटी आणि नाबार्डचे शंभर कोटी असा दोनशे कोटींचा पाणलोट विकास निधी देशभरासाठी स्थापन झाला.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे या कार्यक्रमातलं नावाजलेलं गाव. १९९६मध्ये काम सुरू झालं तेव्हा तिथं शेतीत वर्षाला तीन-चार महिन्यांपुरतंच काम मिळे आणि उन्हाळ्यात टँकर येई. पाच-सहा वर्षांत शेतीतलं काम नऊ-दहा महिन्यांवर गेलं. ही कहाणी अनेक अहवालांत आली आहे आणि ती खरी आहे.

पण त्याच दरेवाडीत चराईबंदीला धनगरांनी विरोध केला होता. तो समजून घेतल्याशिवाय हे काम कळत नाही असं मला वाटतं. पाणलोटाचं काम माथ्यावरून पायथ्याकडे येतं. आधी डोंगर बंद होतो. तिथं गवत धरायला, झाडं जगायला काही वर्षं लागतात. या काळात ज्याची शेळ्यामेंढ्यांवरच गुजराण आहे, त्यानं काय करायचं? जनावरं विकायची, नाहीतर दूर कुठं चारायला न्यायची. आणि अडवलेलं पाणी उतरतं कुठं? पायथ्याच्या विहिरींत. त्या विहिरी ज्यांच्या, त्यांच्या जमिनीला भाव येतो, त्यांच्या घरी दुभती जनावरं येतात. पुढं डोंगरावर कापून न्यायला गवत मिळतं खरं, पण ते गोठ्यातल्या गाईच्या कामाचं. कळप मोडलेल्या माणसाकडे तेव्हा गोठाही नसतो आणि गायही नसते.

दरेवाडीत डोंगर टप्प्याटप्प्यानं बंद करून यातून वाट काढली गेली, हे शहाणपणाचं झालं. तरी योजनेच्या हिशेबाच्या वहीत बघाल तर श्रमदानाचे दिवस लिहिलेले असतात, देणगीदाराची रक्कम असते, संस्थेचा खर्च असतो. मेंढपाळानं सोडलेली चराई कोणत्याच रकान्यात नसते. माझ्या मते ती त्या योजनेतली पहिली गुंतवणूक आहे, आणि तीही सर्वांत गरीब माणसाची.

हरियाणातल्या सुखोमाजरी गावात हा हिशेब वेगळा मांडला गेला. चंदीगडचं सुखना सरोवर गाळानं भरत होतं आणि गाळ येत होता वरच्या शिवालिक टेकड्यांतून. सत्तरच्या दशकात मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी तिथं गेले. त्यांनी नुसती चराई थांबवायला सांगितलं नाही. गावासाठी बांध घातले, आणि त्या पाण्यात भूमिहीनासह प्रत्येक घराला हिस्सा राहील अशी रीत बसली. ज्याला शेत नाही त्यानं आपला हिस्सा शेजाऱ्याला द्यावा आणि मोबदला घ्यावा. मग डोंगर राखण्यात प्रत्येक घराचं हित आलं. सरोवर शहराचं, खर्चही बाहेरून आला, पण वरच्या गावाला त्याच्या संयमाची किंमत मिळाली.

आपल्याकडे हे का होऊ नये? मुंबईचं पिण्याचं पाणी वैतरणा, तानसा, भातसा या धरणांतून येतं. त्या धरणांच्या आसपासच्या शहापूर तालुक्यात कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. डोंगर राखणाऱ्या आदिवासी पाड्याला शहराच्या पाणीपट्टीतून ठरलेला वाटा मिळावा, हे मला उपकार म्हणून सांगायचं नाही. मिळणाऱ्या पाण्याची ती किंमत आहे.

कंपन्यांचा पैसाही आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि मातीपाण्याचं संवर्धन त्यात बसतं. अडचण एवढीच की हा पैसा बऱ्याचदा वर्षाच्या मापानं येतो. ओढ्यात पोकलेन लावला की महिन्याभरात खोल, रुंद, डोळ्यांत भरणारं काम होतं. माथ्यावरचे चर फोटोत दिसत नाहीत आणि त्यांचा गुण यायला चार-पाच पावसाळे जातात. माथा तसाच उघडा ठेवून ओढा खोल केला, तर वरून आलेली माती त्यात येऊन बसणार. म्हणून कंपनीशी करार पाच वर्षांचा हवा आणि त्यात काम पुरं झाल्यानंतरच्या देखभालीचा निधी हवा. मजुरीचा मोठा भाग रोजगार हमीतून निघू शकतो. कंपनीचा पैसा तिथं घालावा जिथं रोजगार हमीचा पैसा पोहोचत नाही. मेंढपाळाच्या कळपाच्या चाऱ्यासाठी, डोंगर बंद असतानाच्या वर्षांत.

ज्यांच्या गावात असं काम येऊ घातलं आहे त्यांना माझं सांगणं आहे. येत्या ग्रामसभेत निधीच्या ठरावाबरोबर आणखी तीन ठराव घ्या. पाणलोट समितीवर मेंढपाळांचे आणि भूमिहीनांचे प्रतिनिधी, त्यांत बायकाही. डोंगराचा कोणता तुकडा कोणत्या वर्षी बंद आणि कधी खुला, याची यादी. आणि विहिरींना पाणी वाढलं तर त्यातून भूमिहीन घरांना काय मिळणार, ते आकड्यांत. हे तिन्ही इतिवृत्तात आले की मग देणगीदारासमोर बसा, आणि इतिवृत्ताची प्रत त्याच्यापुढे ठेवा.