सरकणारी भूमी



गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात जगाचा नकाशा भिंतीवर टांगून मी खंडांची ओळख करून देत होतो. मागच्या बाकावरील एका मुलाने उठून विचारले, "सर, दक्षिण अमेरिकेचा फुगवटा आफ्रिकेच्या खाचेत नेमका कसा बसतो?" मी म्हटले, "कारण एके काळी ते दोन्ही एकच होते." लगेच त्याचा दुसरा प्रश्न आला, "मग हा नकाशाही पुढे चुकणार?" मी 'हो' म्हटले आणि तास पुढे नेला. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. ते आज पुरे करावे असे योजिले आहे.

त्या मुलाची पहिली शंका आल्फ्रेड वेगेनर ह्या जर्मन हवामानशास्त्रज्ञानेही घेतली होती. सर्व खंडे पूर्वी एकसंध असून पुढे ती विलग झाली, असा सिद्धान्त त्याने १९१२ साली मांडला. पण एवढी अवजड भूमी ढकलते कोण, ह्याचे समाधानकारक उत्तर त्याला देता आले नाही, आणि बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याला उडवून लावले. १९३० साली ग्रीनलंडच्या हिमप्रदेशात त्याचा अंत झाला. त्याची बाजू खरी ठरली ती १९६० नंतर, सागरतळाचे नीट निरीक्षण झाल्यावर.

पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते लहानमोठ्या भूपट्टांत तुटलेले आहे. सागरांच्या मध्यभागी जी पर्वतरांग बुडालेली आहे, तेथे खालून तप्त रस वर येऊन नवा तळ तयार होतो. तो तळ दूर सरतो, थंड व जड होतो आणि शेवटी खोल सागरी गर्तांतून पुन्हा पृथ्वीच्या पोटात बुडू लागतो. बुडताना आपल्यामागचा पट्टही तो ओढून नेतो. वेगेनरला न सापडलेले बल ते हे, निदान त्यातील मोठा भाग तरी.

वेग किती म्हणाल, तर अटलांटिक महासागर वर्षाला दोन-अडीच सेंटिमीटर रुंदावतो, म्हणजे आपली नखे वाढतात त्याहूनही थोडा मंद. आपला भारत आशियाकडे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर जातो. वास्को द गामा १४९८ साली मलबारच्या किनाऱ्याला लागला, तेव्हापासून हा देश पंचवीस मीटरांहून अधिक सरकला आहे. आमच्या शाळेचे पटांगण साधारण तेवढेच लांब आहे.

ह्या प्रवासाची साक्ष पाहावयाची तर दूर जावयास नको. उडुपीजवळ मालपे बंदरासमोर सेंट मेरी बेटे आहेत. गामानेच त्यांना मरियामातेचे नाव दिले, असे परंपरा सांगते. एका सहलीत मुलांना तेथे नेले होते. पैलू पाडल्यासारखे खडकाचे खांब पाहून मुलांना ते कोणा राजाने बांधविले असावेत असे वाटले! वस्तुतः सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून तुटू लागला, त्या वेळचा तो थिजलेला ज्वालारस आहे. पुढे साडेसहा कोटी वर्षांमागे दख्खनचा काळा पाषाण लोटला. बेळगावच्या परिसरापासून इंदूरच्या माळव्यापर्यंत आपण त्याच्यावरच घरे बांधून राहतो. आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताने आशियाला धडक दिली. मधला टेथिस समुद्र नाहीसा झाला. एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकात सागरी जीवांचे अवशेष सापडतात, ते ह्यामुळेच.

ती धडक अजून संपलेली नाही. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळ हादरले, तेव्हा काठमांडूखालची भूमी काही क्षणांत सुमारे दीड मीटर दक्षिणेकडे सरली आणि हजारो माणसे गेली. वर्षानुवर्षे साठलेला ताण असा एकदम मोकळा होतो. त्यामुळे 'सेंटिमीटरभर सरकले तर काय बिघडले' असे म्हणणे मला पटत नाही.

आता पुढचे. आफ्रिका उत्तरेकडे दाबत राहिली, तर भूमध्य समुद्राच्या जागी पर्वत उभे राहतील. पूर्व आफ्रिकेतील भेगेतून कालांतराने सागर शिरू शकेल. ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर उत्तरेस येत आहे. वीस-पंचवीस कोटी वर्षांनी सर्व खंडे पुन्हा एकवटतील असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. मात्र कोणत्या बाजूने, ह्याबद्दल मतभेद आहेत. कोणी म्हणतात, पॅसिफिक मिटून अमेरिका आशियाला भिडेल. दुसरे म्हणतात, अटलांटिकच्या काठी नव्या गर्ता पडून तोच मिटेल. वेस्ट इंडीजजवळ तशी एक गर्ता आजही आहे, म्हणून दुसरा पक्ष केवळ कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. पण नवी गर्ता केव्हा व कोठे पडेल हे सांगण्याचे साधन हाती नसल्याने निकाल देण्याची घाई मी करणार नाही.

ब्रिस्टल विद्यापीठातील अलेक्झांडर फार्न्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली त्या भावी महाखंडाच्या हवामानाचे गणित मांडले. सूर्य आजच्याहून सुमारे अडीच टक्के प्रखर, समुद्र दूर, ज्वालामुखींचा कर्बवायू वाढलेला. अशा भूमीचा फार तर ८ ते १६ टक्के भाग सस्तन प्राण्यांना राहण्याजोगा उरेल, असे त्यांचे अनुमान आहे.

सहलीहून परतताना, नावेत, त्याच मुलाने मला विचारले होते, "सर, मादागास्करला आपली आठवण असेल का?" सगळे हसले. मी म्हटले, तेथील खडक तपासले तर त्याच काळचा ज्वालारस सापडतो. तो गप्प झाला आणि किनारा येईपर्यंत पश्चिमेकडे पाहत बसला.